फावड्यापासून पोकलेनपर्यंत

रब्बीची सुगी उरकली की शिवार रिकामे होते. चैत्र-वैशाखाच्या त्या रिकाम्या दिवसांत आज महाराष्ट्राच्या कुठल्याही कोरडवाहू तालुक्यातून प्रवास करा. रस्त्यापासून जरा आत, उन्हाच्या झळांमध्ये एखादे पिवळे यंत्र मान खाली घालून माती उपसताना दिसेल. काय चालले आहे असे विचारले तर उत्तर ठरलेले, 'शेततळं खोदतोय.' आठवडाभराने त्याच वाटेने परत या. तिथे एक मोठा चौकोनी खड्डा, भोवती मातीचा उंच बांध आणि आत काळा कागद अंथरलेला असतो. एवढे मोठे मातीकाम इतक्या थोड्या वेळात व्हावे, आणि तेही एकट्या कुटुंबाच्या मालकीच्या रानात, ही आपल्या इतिहासातली अगदी नवी गोष्ट आहे. आज या खड्ड्याची गोष्ट सांगायची आहे. ती जितकी मातीची आहे, तितकीच पाण्याच्या मालकीची आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो. कवितेत रमणाऱ्या माणसाला शब्दांचाच आधार. आपला 'हौद' हा मुळातला अरबी शब्द. तो दख्खनेत आला आणि वाड्याच्या चौकात, मशिदीच्या अंगणात, गुरांच्या गोठ्यापाशी इतका रुळला की तो परका होता हे सांगावे लागते. 'पोकलेन' आणि 'जेसीबी' हे शब्द आता त्याच वाटेने निघाले आहेत. खेड्यातले पोर यंत्र पाहून बिनचूक सांगते : चाके असलेला, पुढे सुपडे आणि मागे पंजा असलेला तो जेसीबी, साखळ्यांवर चालणारा, कमरेतून गरगर फिरणारा तो पोकलेन. वास्तविक ही दोन्ही कारखान्यांची नावे. पोकलेन हा फ्रान्समधला. पॅरिसच्या ईशान्येला प्लेसी-बेलव्हील नावाचे गाव आहे, तिथे जॉर्ज बाताय यांनी १९२७ साली शेतीची अवजारे दुरुस्त करण्याचा आणि बनवण्याचा कारखाना काढला. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. या गृहस्थाने १९४५ साली इंग्लंडमधल्या युटॉक्सिटर गावी, भाड्याच्या एका लहानशा गॅरेजात युद्धातले भंगार वापरून शेतमालाची एक गाडी बनवली आणि बाजारात ४५ पौंडांना विकली. दोन्ही उद्योगांचा जन्म असा शेताच्या बांधावरचा. पुढे तेलाच्या दाबावर चालणारा हात त्यांनी यंत्राला दिला आणि माती खणण्याची रीतच पालटली. आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने पोकलेनच्या सहकार्याने यंत्रे बनवली, आणि १९७९ साली दिल्लीजवळ बल्लभगडला जेसीबीचे उत्पादन सुरू झाले. रस्ते, धरणे, खाणी अशी कामे करीत करीत हे यंत्र अखेर शेतकऱ्याच्या बांधावर येऊन उभे राहिले.

यंत्र येण्यापूर्वी तळी कोण खणत होते? उत्तर एका शब्दात द्यायचे तर वडार. त्यांच्यात मातीवडार, गाडीवडार, पाथरवट असे कामावरून पडलेले भेद. मातीवडारांचे बिऱ्हाड कामामागून फिरायचे. पाल, टिकाव, फावडे, पाट्या आणि माती वाहणारी गाढवे एवढाच संसार. पुरुषाने खणायचे, बाईने पाटी उचलायची, पोरांनी गाढवे हाकायची. आपले रेल्वेचे भराव, कालवे, विहिरी, गावतळी यांच्या मातीत या लोकांचा घाम आहे. मात्र कुठल्याही तळ्याच्या काठावर त्यांचे नाव कोरलेले सापडत नाही. बांधून घेणाऱ्याचे नाव राहते, खणणाऱ्याचे राहत नाही.

याला एक ठळक अपवाद पूर्व विदर्भात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात हजारो जुने तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, हे आजही लोकांच्या तोंडी आहे. या तलावांची कल्पना साधी होती. दोन टेकड्यांमधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, वरच्या रानातले पाणी अडवायचे आणि खालच्या धानाला द्यायचे. एका तलावाचा सांडवा पुष्कळदा पुढच्या तलावात उतरायचा. म्हणजे वरच्याचे भरल्यावर खालच्याचे भरणार, हा हिशेब जमिनीच्या उतारातच घालून ठेवलेला. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. त्यांचा कारभार फार न्यायाचा होता असे मुळीच नाही. परंतु पाळ फुटली तर ती बुजवायला कोणी जायचे, गाळ कधी काढायचा, पाणी कोणाला आधी द्यायचे, याचे रिवाज ठरलेले होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. जाच गेला हे चांगलेच झाले. त्याबरोबर रिवाजही गेला आणि बऱ्याच तलावांत गाळ साठत राहिला.

तळ्याचा विचार राज्यकारभाराचा प्रश्न म्हणून मराठीत रोखठोक मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८३ साली लिहून पुरा केलेला 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ आपण शेतकऱ्याच्या दुःखाचे वर्णन म्हणून वाचतो. त्याच्या शेवटच्या भागात मात्र उपाय आहेत, आणि ते चक्क एखाद्या अनुभवी कंत्राटदाराने सांगावेत तसे आहेत. जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटे घेतलेलीच होती. ते म्हणतात त्याचा आशय असा : पलटणीतले आणि पोलिसांतले रिकामे हात कामाला लावावेत, ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी एकंदर रानात मुरून मग ओढ्या-नाल्याला मिळेल, डोंगरदऱ्यांत सोयीच्या जागी तळी करावीत आणि तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा नेऊ द्यावा. 'रानात मुरून' हे शब्द ध्यानात ठेवा. पाणी अडवायचे ते साठवून ठेवण्यासाठीच नाही, तर आधी जमिनीला पाजण्यासाठी, हा विचार त्यात आहे.

योगायोग पाहा. जोतीरावांच्या ग्रंथाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८८२ साली, इंग्रज सरकारने सुविधाधिकाराचा कायदा केला आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ठरलेल्या प्रवाहाने न वाहणारे, म्हणजे जमिनीखाली झिरपणारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि हवे तसे वापरण्याचा जमीनमालकाला हक्क आहे, असे तत्त्व त्यात नोंदले गेले. इंग्लंडच्या ओल्या हवेतला हा विचार आमच्या काळ्या पाषाणावर आणून ठेवला. पाणी हाताने किंवा मोटेने उपसावे लागत होते तोवर त्या हक्काला बैलाच्या ताकदीची मर्यादा होती. मोटेचा बैल दमला की हक्कही दमायचा. वीज आली, बोअरचे यंत्र आले, तेव्हा त्या कायद्याचे खरे दात दिसले.

मधला टप्पा बहात्तरच्या दुष्काळाचा. हा दुष्काळ मला ठाऊक आहे तो अम्मीच्या बोलण्यातून. ती तलावाच्या कामावर जात असे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल अशी चौकडी खणायची. मध्ये मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा, म्हणजे किती खोल गेलो ते मोजणाऱ्याला दिसते. 'टेप घेऊन माणूस आला की सगळ्या बाया बोलायच्या थांबायच्या,' असे ती सांगायची. आठवड्याचा पगार त्या टेपवर होता. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव ही त्यांची कामे. यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ज्याचा प्रयोग केला होता, त्या कल्पनेला १९७७ साली विधिमंडळाने कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा या महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा होता. त्यात कंत्राटदाराला बंदी आणि मजुरांची जागा घेणाऱ्या यंत्रांना शक्यतो मज्जाव होता.

पाझर तलाव ही चीज मला फार विलक्षण वाटते. त्याला कालवा नसतो, दार नसते. पाणी अडते आणि खाली मुरते. ते कोणाच्या विहिरीला फुटेल हे अगोदर कोणी सांगू शकत नाही. म्हणजे पन्नास-शंभर माणसांनी खणायचे आणि त्याचे फळ कोणाच्या विहिरीत उगवेल ते जमिनीवर सोपवायचे. यात एक खोचही होती. ज्याच्या शेतात विहीर त्यालाच पाणी. माती वाहिलेल्या भूमिहीन बाईला पगारापलीकडे काही नाही. ही खोच एका माणसाने नेमकी ओळखली. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावला देवस्थानची १६ हेक्टर उजाड जमीन करारावर घेऊन बसले. तिथे ताली घातल्या, एक लहान तलाव केला, त्याखाली विहीर घेतली आणि ते माळरान पिकवून दाखवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या डोक्यांवर वाटायचे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांनी सुटसुटीत करून दाखवलेला प्रश्न तसाच आहे : तळे माझ्या जमिनीत असेल, पण पाणी कोणाचे?

आता आपल्या चौकोनी खड्ड्याकडे वळू. शासनाच्या योजनेतले मोठे शेततळे वर ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल. बाजू सरळ कापल्या तर ढासळतात, म्हणून त्यांना उतार द्यायचा. तळ मग २४ बाय २४ मीटरचा राहतो. यात निघणारी माती होते सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे जवळपास पावणेआठशे ब्रास. एका माणसाने दिवसाला २ घनमीटर माती खणून बाहेर टाकली असे धरले, तर हे काम ११०० मनुष्यदिवसांचे. वीस जणांची टोळी लावली तर दोन महिन्यांच्या आसपास. पोकलेन हेच काम चार-पाच दिवसांत उरकतो. चुन्याच्या फक्कीने आखणी करायची. वरचा काळ्या मातीचा थर वेगळा काढून ठेवायचा, कारण तीच खरी दौलत. मग मुरूम उपसायचा आणि बांधावर थर देत दाबायचा. मुरमात पाणी ठरत नाही, म्हणून ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि त्याच्या कडा काठावर चर खणून गाडायच्या. यंत्र तासाच्या भाड्यावर असते, त्यामुळे मालक घड्याळाकडे बघत उभा. चालवणारा पोरगा पुष्कळदा बिहार-झारखंडकडचा. खड्डा पुरा झाला की तो पुढच्या गावाला जातो. त्या तळ्यात पाणी आलेले तो पाहत नाही. वडारांच्या बिऱ्हाडात आणि त्याच्यात एवढे साम्य राहिले आहे.

या यंत्राने शेतकऱ्याचे भले केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाने ऑगस्टमध्ये पाठ फिरवली तर सोयाबीनला, तुरीला एखादे-दुसरे पाणी देता येणे म्हणजे पीक हाती लागणे. फळबाग धरलेल्या माणसाला तर तळे म्हणजे जिवाची हमी. जालना जिल्ह्यातले कडवंची हे गाव पाहावे. तिथे आधी १९९० च्या दशकात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे झाली, पाणी मुरवले गेले, आणि त्यानंतर शेततळी आणि द्राक्षबागा वाढल्या. क्रम महत्त्वाचा आहे : आधी मुरवणे, मग साठवणे. आणि उन्हातान्हात पाट्या वाहण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला पुन्हा यावेत असे मी कवितेतसुद्धा म्हणणार नाही. अम्मीची मान त्या पाट्यांनी कायमची दुखत होती.

प्रश्न यंत्राचा नाही. त्याने खणलेल्या खड्ड्यात पाणी कुठून येते, याचा आहे. शेततळे ही कल्पना पावसाची. रानातून वाहून जाणारे पाणी एका तोंडाने आत घ्यायचे, त्याआधी गाळ बसायला लहान खड्डा ठेवायचा आणि जादा पाणी सांडव्याने बाहेर सोडायचे. फळबाग अभियानातून २००५ नंतर कागद घातलेली सामूहिक शेततळी आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तिच्यात ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. पुढे ते ७५ हजारांपर्यंत वाढले. या योजनेच्या तक्त्यात दोन प्रकार होते. पाणी आत येण्याचे तोंड आणि बाहेर जाण्याची वाट असलेले तळे, आणि ती नसलेले तळे. दुसऱ्या प्रकाराकडे जरा थांबून पाहा. ज्या तळ्याला पाणी आत यायला वाटच नाही, ते भरायचे कसे? अंगावर पडेल तेवढ्या पावसाने ते भरत नाही. ते भरते पंपाने. विहिरीतून नाहीतर बोअरमधून.

ईश्वर काळे या अभ्यासकाने २०१७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात नेमके हेच दाखवून दिले. बरीच शेततळी पावसाचे पाणी धरण्याऐवजी जमिनीखालचे पाणी वर काढून उघड्यावर ठेवण्यासाठी वापरली जात आहेत. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात विहिरीला पाणी असते तेव्हा उपसा करायचा, तळे भरून ठेवायचे आणि उन्हाळ्यात बाग जगवायची. एकट्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे. पण पाषाणाच्या भेगांत साठलेले ते पाणी शेजारच्या चार विहिरींचेही असते. ज्याचा पंप आधी सुरू झाला आणि ज्याचा खड्डा मोठा, त्याने ते आपल्या हद्दीत आणून त्यावर कागद अंथरला. खालचा कागद मालकीचा झाला. १८८२ च्या कायद्याला शेवटी हा असा आकार आला.

आणि या साठ्यातले पुष्कळसे पाणी कोणाच्याच पिकाला मिळत नाही. दख्खनच्या पठारावर उघड्या पाण्याचा दीड ते दोन मीटरचा थर वर्षभरात उन्हाने उडून जातो. काठोकाठ भरलेल्या ३० बाय ३० च्या तळ्यातला वरचा एक मीटर थर जरी गेला, तरी आठ लाख लिटरहून अधिक पाणी गेले. एकूण २२ लाखांपैकी आठ लाख. जमिनीच्या पोटात सावलीला असलेले पाणी वर आणून सूर्याला पाजायचे, यात कसले नियोजन? या काळ्या कागदाचा आणखी एक धोका आहे. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला उतरलेली मुले बाहेर येऊ शकली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. काठाला कुंपण आणि आत सोडलेला गाठीचा दोर यांना कागदाच्या मानाने खर्च कितीसा?

राज्याने २००९ साली भूजलाचा कायदा केला, तो २०१४ मध्ये अमलात आला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. मात्र बोअरची गाडी रात्री शिवारात शिरते तेव्हा ती किती खोल गेली हे मोजायला टेप घेऊन कोणी उभा नसतो. चौकडी खणणाऱ्या बाईची माती इंचाइंचाने मोजणारे आपण, बोअरचे पाणी मोजताना एवढे उदार कसे झालो, हा प्रश्न मला सतावतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असे गावानेच ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. तिथे पाळत ठेवायला पोलीस लागला नाही, ग्रामसभा पुरली.

म्हणून तळे खणणाऱ्या माझ्या शेतकरी भावाबहिणींना थांबा असे मी म्हणणार नाही. खणा, जरूर खणा. मात्र पोकलेन सांगण्यापूर्वी पावसाळ्यात एकदा आपल्या रानातून चालत जा आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते बघा. तळे त्या वाटेवर घ्या. त्याला तोंड ठेवा, सांडवा ठेवा. वरची काळी माती बांधाखाली गाडू नका. आणि पंपाचे बटण दाबण्याआधी शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावून या. शंभर माणसे मिळून तळे खणत होती तेव्हा हे बोलणे कामावरच व्हायचे. आता यंत्र चार दिवसांत काम आटोपून जाते. बोलणे आपल्याला मुद्दाम करावे लागेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)